‘ए टू झेड’ म्हणतो, पण पाणी मागत नाही: दोन-सव्वादोन वर्षांचं मूल आणि मोबाइलवरचे व्हिडिओ

प्रश्न थोडक्यात असा: पिंपरीतल्या एका आईचा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. आईबाबा दोघंही नोकरीला, दिवसभर आजी-आजोबा सांभाळतात. जेवताना, अंघोळीनंतर आणि दुपारी झोपवताना मोबाइल, म्हणजे दिवसाकाठी तीनेक तास. इंग्रजी मुळाक्षरं, रंग, वीसपर्यंत आकडे अमेरिकन उच्चारात पाठ. पण पाणी हवं असेल तर ‘पाणी’ म्हणत नाही, आजीचा हात ओढून माठापाशी नेतो. हाक मारली तर बरेचदा बघत नाही. सासूबाई म्हणतात, ‘याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला.’ शेजारणीने ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असा शब्द कानावर घातला आणि आईची झोप उडाली. मोबाइल बंद केला की सगळं ठीक होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी कामाचं सांगते. मोबाइल बंद करायचा आहेच, पण त्याचा परिणाम बघून मग डॉक्टरांकडे जाऊ, असं करू नका. दोन्ही गोष्टी याच आठवड्यात सुरू करा. दोन वर्षांच्या मुलाने ‘आई ये’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडून बोलायला सुरुवात केलेली असावी. बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणणं त्याच्याही बरंच आधी, साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आसपास येतं. तुमचा मुलगा हात ओढतो, असं तुम्ही लिहिलंय. बोट दाखवतो की नाही, ते लिहिलेलं नाही, आणि मला त्यातच जास्त रस आहे. बोट दाखवून तो तुमच्या तोंडाकडे बघतो का? रस्त्यावरचा कुत्रा तुम्हाला दाखवायला वळतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर तपासणी लांबवायची नाही.

पहिली तपासणी कानांची. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे ठरलेलं आहे. मूल टीव्हीचा आवाज ऐकून धावत येतं म्हणजे ऐकू येतं, हा पालकांचा मोठा गैरसमज. काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, असंही असतं. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानात पाणी साठून महिनोन्‌महिने ऐकणं मंद होतं. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ओएई आणि गरज पडली तर बेरा या ऐकण्याच्या चाचण्या करतात. त्यात सुई नाही, दुखत नाही, बेराला मात्र मूल झोपलेलं लागतं. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट. खासगी फी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे ही सेवा मोफत मिळते. अंगणवाडीतल्या तपासणीतूनही तिथे पाठवतात. मुंबईच्या जवळच्यांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा-श्रवणासाठीच.

आता शेजारणीचा शब्द. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे जास्त स्क्रीनमुळे ऑटिझमसारखी (स्वमग्नतेसारखी) लक्षणं दिसणं, हे नाव रोमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने चर्चेत आणलं. ते मान्यताप्राप्त निदान नाही, कुठल्याही अधिकृत निदानपुस्तिकेत सापडणार नाही. जास्त स्क्रीन बघणाऱ्या काही मुलांमध्ये नजर न देणं, हाकेला प्रतिसाद न देणं दिसतं आणि स्क्रीन काढल्यावर त्यातली काही झपाट्याने खुलतात, हे मी माझ्या क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं बघते आहे. पण काही मुलांचं उलटं असतं. त्यांचा ऑटिझम आधीपासूनच असतो आणि व्हिडिओ त्यांना जास्त ओढतो, कारण व्हिडिओ दर वेळी अगदी तसाच असतो. माणसं मात्र दर वेळी वेगळी वागतात. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. म्हणून ‘तीन महिने डिटॉक्स करू, मग बघू’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला मला पटत नाही. ज्या मुलाला थेरपीची गरज होती त्याचे ते तीन महिने फुकट जातात. आणि मोबाइल दिला म्हणून ऑटिझम झाला, असं कुणी तुमच्या सासूबाईंना सुनावत असेल तर त्याला थांबवा. तसं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

सासूबाईंच्या ‘बाबाही उशिरा बोलला’ला मी हसत नाही. घराण्यात उशिरा बोलणं असतंच. पण बाबा बोलत नव्हता तेव्हा त्याच्याभोवती काय होतं, तेही आठवायला हवं: चुलत भावंडं, ओट्यावर बसलेल्या बायका, दिवसभर येणारे-जाणारे. बोलत नसला तरी तो बोलण्यात बसलेला होता.

पालक मला विचारतात, ‘किती वेळ चालेल?’ आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, एक वर्षाच्या मुलालाही नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, कमी असेल तितकं बरं. आपल्याकडच्या इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचाही सल्ला जवळपास हाच आहे: दोन वर्षांखाली शून्य, अपवाद फक्त नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वयात एका तासाच्या आत, तेही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हे आकडे चुकीचे नाहीत. पण नुसतं घड्याळ बघून पालक ‘आमचा एकच तास होतो’ म्हणून निर्धास्त होतात, आणि तो तास नेमका जेवणाचा असतो. मला मिनिटांपेक्षा हे विचारावंसं वाटतं की त्या वेळात एरवी काय झालं असतं?

बोलणं कानातून आत जातं आणि तोंडातून बाहेर येतं, एवढं ते सरळ नसतं. अमेरिकेत सिएटलला २००३ मध्ये एक प्रयोग झाला. इंग्रजी घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर बाई प्रत्यक्ष बसून खेळण्यांशी खेळत, पुस्तक दाखवत बोलली. काहींनी त्याच बाईंचा व्हिडिओ पाहिला. बारा बैठकांनंतर पहिल्या गटाला चिनीतले बारकावे ओळखता यायला लागले होते. व्हिडिओच्या गटाला, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकंच समजत होतं. भाषा तीच, बाई त्याच. फरक एवढाच की व्हिडिओतली बाई बाळ बघतंय की नाही, याची वाट बघत नव्हती.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने तपासली गेली २०१४ मध्ये. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांनी नवी क्रियापदं समोरासमोर शिकली, व्हिडिओ कॉलवरही शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. म्हणून न्यू जर्सीत असलेल्या नातवाशी साताऱ्याची आजी रोज संध्याकाळी कॉलवर बोलते, ते बंद करायचं कारण नाही. आजी विचारते, थांबते, तो काहीतरी पुटपुटतो, आजी हसते. पडदा तोच असला तरी पलीकडे ऐकणारं माणूस आहे.

आणि ते ए टू झेड? मला माहीत आहे, पाहुण्यांसमोर तो म्हणतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. त्याचं पाठांतर चांगलं आहे, यात शंका नाही. पण मागणं, नाकारणं, दाखवणं, तक्रार करणं, हाक मारणं यासाठी तो एकही शब्द वापरत नसेल तर त्या सव्वीस अक्षरांचा त्याला आज काहीच उपयोग नाही. व्हर्जिनियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये शब्द शिकवणाऱ्या लोकप्रिय बाळ-व्हिडिओंची परीक्षा घेतली. महिनाभर तो व्हिडिओ पाहिलेल्या मुलांना, व्हिडिओ न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त शब्द आले नाहीत. सगळ्यात जास्त शब्द त्या मुलांना आले ज्यांच्या आईबाबांना तेच शब्द रोजच्या बोलण्यात वापरायला सांगितलं होतं, व्हिडिओशिवाय. गंमत म्हणजे ज्या पालकांना व्हिडिओ आवडला होता, त्यांना आपलं मूल त्यातून पुष्कळ शिकलं असं वाटत होतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. मुलाला इंग्रजी शब्द येतात म्हणून घरातले सगळे त्याच्याशी ‘वॉटर पाहिजे? कम हिअर’ करू लागतात. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, ती भीती सोडा. पण ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, भाजीवाल्याशी घासाघीस करता, त्याच भाषेत त्याच्याशी बोला. तोडक्या इंग्रजीत आजी दिवसाला शंभर वाक्यं बोलेल. मराठीत हजार बोलेल.

आता काय करायचं ते. जेवणापासून सुरुवात करा. पालक आधी दुपारचा किंवा प्रवासातला मोबाइल बंद करायला जातात, कारण ते सोपं वाटतं, आणि ताटासमोरचा तसाच राहतो. माझा आग्रह उलटा असतो. एका जेवणाला आपल्याकडे चाळीस मिनिटं ते तास लागतो. घरातलं माणूस समोरासमोर, अगदी एका हाताच्या अंतरावर बसलेलं असतं. दिवसातून तीन-चार वेळा मिळणारी ही बोलायची जागा, आणि नेमकी तीच आपण देऊन टाकतो. जेवताना व्हिडिओ बघणाऱ्या मुलाकडे नीट बघा. डोळे पडद्यावर, चमचा ओठांना लागला की तोंड आपोआप उघडतं. घास गालात तसाच राहतो. ‘चाव ना रे’ म्हटलं की गिळतो. ताटात भेंडी होती की दोडका, त्याला ठाऊक नाही. पोट भरलं हेही कळत नाही आणि भरवणाऱ्यालाही कळत नाही, वाटी संपली की जेवण संपतं. मग चावायला शिकलेलाच नाही म्हणून वरण-भात मिक्सरमधून फिरवावा लागतो, अडीच वर्षांचा झाला तरी.

मोबाइल ताटासमोरून काढायचा तर असा: तो सगळ्यांबरोबर खाली बसेल, त्याच्या ताटलीत सगळ्याचं थोडं-थोडं, पोळीचा तुकडा हातात धरता येईल असा. भरवायचं नाही, सांडू द्यायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचं, खाल्लं असो वा नसो. मध्ये बिस्किट नाही, दुधाची बाटली नाही, पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. पहिले चार-पाच दिवस तो कमी खाईल. रडेल, ताट ढकलेल. चांगल्या वजनाचं निरोगी मूल यातून आजारी पडत नाही, भुकेने शिकतं. पण वजन आधीच कमी असेल, किंवा लघवी कमी झाली, सुस्त वाटलं तर थांबा आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून करा.

पहिल्या आठवड्यात हट्ट वाढणार, हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. बहुतेक घरं इथेच हरतात. चाळीस मिनिटं रडल्यावर आजोबांचा जीव कळवळला आणि त्यांनी मोबाइल दिला, तर मुलाला एवढंच कळतं की चाळीस मिनिटं रडायचं असतं. मिशिगनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल हेच दाखवलं: शांत करण्यासाठी वारंवार मोबाइल दिलेल्या मुलांचे, विशेषतः मुलग्यांचे, पुढच्या महिन्यांत भावनांचे चढउतार वाढलेले दिसले. रडू आवरायचं शिकण्याआधीच रडू थांबवणारी वस्तू हातात येते. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा, सुट्टीच्या दिवशी, आईबाबा दोघं घरी असताना. एकट्या आजीवर सोमवारी सकाळी हे ढकलू नका.

आजी-आजोबांबद्दल जरा सांगू द्या. मला भेटणाऱ्या सुना सासूबाईंची तक्रार करतात आणि सासूबाई गप्प बसतात. सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दहा तास धावणारं पोर सांभाळायला दिलं आहे, बाराव्या मजल्यावर, शेजार-पाजार दारं लावून. मोबाइल ही त्यांची चैन नाही, तेवढाच त्यांचा विसावा आहे. तो काढून घ्यायचा तर बदल्यात काही द्या. दोन तासांसाठी मदतनीस, किंवा जवळची अंगणवाडी, पाळणाघर, जिथे दुसरी मुलं असतील. आणि आजीला नवे ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ शिकवू नका, तिची कामं आहेत त्यातच त्याला घ्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेचा गोळा, धुतलेले चमचे डब्यात टाकणं, कुंड्यांना पाणी. मटाराची शेंग फुटली की ‘टक्!’ म्हणायचं, आणि पुढच्या वेळी शेंग हातात धरून थांबायचं. तो ‘टक्’ म्हणेल, आज नाही तर आठवड्याने.

हे थांबणं जमायला हवं. माझ्या टेबलावर घट्ट झाकणाची एक पारदर्शक बरणी असते, आत कुरमुरे. मूल बघतं, बरणी ओढतं, उघडत नाही. आई लगेच ‘बोल, उघड म्हण, उघड!’ सुरू करते. मी तिला गप्प राहायला सांगते. मनातल्या मनात दहा मोजायचे. मूल झाकण ओढतं, चिडतं, मग बरणी माझ्याकडे ढकलतं, आणि एका क्षणाला माझ्याकडे बघतं. त्या नजरेला मी ‘उघड’ म्हणते, झाकण उघडते, दोनच कुरमुरे देते आणि पुन्हा बंद करते. चौथ्या-पाचव्या खेपेला बरीच मुलं नजरेबरोबर काहीतरी आवाज काढतात. घरी हे रोज करा. ‘हे काय आहे? हा कुठला रंग?’ अशी परीक्षा मात्र घेऊ नका, ती त्याला व्हिडिओनेच भरपूर घेऊन दाखवली आहे. तो जिकडे बघतोय त्याचंच नाव घ्या, एक-दोन शब्दांत, आणि थांबा.

घरातला चालू टीव्हीही मोबाइलइतकाच मोजा. तो बघत नसला तरी. अमेरिकेत २००९ मध्ये तीनशेहून अधिक लहान मुलांच्या कपड्यांत आवाज टिपणारं यंत्र ठेवून मोजलं, तर ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या दर तासामागे मुलाला मोठ्यांकडून ऐकायला मिळणारे सुमारे ७७० शब्द कमी झाले होते. आपल्याकडे संध्याकाळी सातपासून मालिका लागतात, म्हणजे बाबा घरी यायची वेळ तीच. मालिका बंद करा असं मी म्हणणार नाही, नसतं भांडण लागेल. मूल झोपल्यावर मोबाइल अ‍ॅपवर तोच भाग बघता येतो, हे आजीला दाखवून द्या. बाबांचा फोन घरात आल्यावर चप्पलांच्या कपाटावर राहू द्या. तो हातात ठेवून मुलाला ‘मोबाइल वाईट’ म्हणणं दोन वर्षांच्यालाही पटत नाही.

कायमचा बंद का? नाही. सध्या, तपासण्या होऊन तो मागायला लागेपर्यंत तरी पूर्ण बंद. नंतर हॉलमधल्या टीव्हीवर, मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, एक ठरलेला संथ व्हिडिओ. यूट्यूबचे स्वतःचे नियम ते तेरा वर्षांखालच्यांसाठी नाही असं म्हणतात. मुलांसाठीचं वेगळं अ‍ॅप भारतात २०१६ पासून आहे, आणि त्यात पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे. ती शोधून चालू करा, ऑटोप्ले बंद करा, शोध बंद करा. तुमच्या रोजच्या अ‍ॅपवर मुलाला सोडू नका. दोन वर्षांचं मूल नको असलेलं पुढे ढकलत नाही. जाहिरात असो की खेळण्यांची खोकी उघडणारा कुणी, लागेल ते शेवटपर्यंत बघतं. पलीकडच्या यंत्रणेला त्यातून एवढंच समजतं की याला हे आवडलं, आणि ती तेच आणखी वाढते. शॉर्ट्स तर या वयात अजिबात नको. झोपेच्या तासभर आधी कुठलाच पडदा नको.

पुस्तकं आणा, पण वाचून दाखवायच्या फंदात पडू नका. ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मोठ्या चित्रांची मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात. त्याला पान उलटू द्या, मांजर दिसली की ‘म्याऊ’, पुढे जायची घाई नाही. त्याने पुस्तक चावलं तरी चालतं.

तपासणीला जाण्याआधी दोन-तीन दिवस त्याचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा: एकटा खेळताना, तुमच्याकडे काही मागताना, हाक मारल्यावर तो काय करतो ते. क्लिनिकमध्ये अनोळखी जागी मुलं वेगळी वागतात, त्यामुळे आम्हाला याचा फार उपयोग होतो. आधी बोलायचा ते शब्द आता बोलत नाही असं काही घडलं असेल तर तारखांसकट लिहून न्या, आणि अपॉइंटमेंट मिळत नसेल तर फोनवर तेवढं सांगा, लवकर बोलावतील. जन्माच्या वेळचे कागद, कानाच्या चाचणीचा रिपोर्ट सोबत घ्या. आणि शक्य असेल तर सासूबाईंना घेऊन जा. दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो. आम्ही विचारतो त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाच ठाऊक असतात.